गोपनीय अभिप्रायासाठी लाइमसर्व्हे : महाविद्यालयीन मूल्यमापनातील उपयोगाचे परीक्षण

महाविद्यालयातील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे वार्षिक मूल्यमापन करताना सहकाऱ्यांचे आणि हाताखाली काम करणाऱ्यांचे अभिप्राय मागवण्याची पद्धत आता नागपुरातही रुळू लागली आहे. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, निकषांत अभिप्राय संकलनाला आणि कर्मचाऱ्यांच्या कार्यमूल्यमापनाला स्वतंत्र स्थान असल्यामुळे हे काम टाळता येत नाही, परंतु ते टाळता येत नाही म्हणून उरकले गेले तर त्यातून कोणाचेच भले होत नाही. विभागप्रमुखांविषयीचे अभिप्राय विभागप्रमुखांच्याच टेबलावर जमा होत असतील, तर प्रत्येक रकान्यात ‘उत्तम’ लिहिण्याशिवाय कनिष्ठ सहकाऱ्याला दुसरा मार्ग राहत नाही. येथील एका अनुदानित महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात हे काम माझ्याकडे असून त्यासाठी आम्ही लाइमसर्व्हे हे ऑनलाइन प्रश्नावली भरून घेण्याचे सॉफ्टवेअर वापरतो. अभिप्राय देणाऱ्याचे नाव दडवण्याच्या कामात ते माझ्या मते गूगल फॉर्म्सपेक्षा निश्चितपणे सरस आहे, मात्र ते काळजीपूर्वक मांडले नाही तर त्याचा हा गुण वाया जातो.

लाइमसर्व्हे २००३ मध्ये पीएचपीसर्व्हेयर या नावाने सुरू झाले आणि २००७ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने महाविद्यालयाला स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य बसवता येते. पैसे भरून कंपनीच्या सर्व्हरवर वापरण्याची सोयही आहे. एकच प्रश्नावली मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ठेवता येते, ही बाब शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण इंग्रजी प्रश्नावली समोर आली की अनेक जण शेजारच्या सहकाऱ्याला विचारून उत्तरे भरतात आणि गोपनीयता तिथेच संपते.

या सॉफ्टवेअरचे खरे मोल त्यातील निनावी प्रतिसादाच्या पर्यायात आहे. ज्यांचे अभिप्राय हवे आहेत त्यांची यादी आपण सॉफ्टवेअरला देतो, प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक वापरून एकदाच उत्तरे देता येतात. निनावी पर्याय चालू असला म्हणजे कोणी उत्तर दिले ही नोंद एका तक्त्यात राहते, काय उत्तर दिले ही नोंद दुसऱ्या तक्त्यात राहते आणि दोहोंना जोडणारा धागा साठवलाच जात नाही. एरवी यादीत उत्तर पूर्ण केल्याची तारीख आणि वेळ दिसते, निनावी पर्यायात तेथे केवळ ‘पूर्ण’ एवढीच खूण राहते. प्रतिसादावर तारीख नोंदवण्याचा पर्याय कोणी चालू ठेवला, तरी सर्व प्रतिसादांवर १ जानेवारी १९८० ही एकच तारीख पडते, त्यामुळे वेळेवरून माणूस शोधण्याची वाट बंद होते. इतके असूनही ज्यांनी उत्तर दिलेले नाही, केवळ त्यांनाच स्मरणपत्र पाठवण्याची सोय शिल्लक राहते.

गूगल फॉर्म्समध्ये ईमेल पत्ता न घेण्याचा पर्याय आहे आणि एका व्यक्तीला एकच प्रतिसाद देण्याचे बंधनही घालता येते. त्या बंधनासाठी खात्यात प्रवेश करावा लागत असला, तरी पत्ता फॉर्म तयार करणाऱ्याला दिसत नाही. मात्र उत्तर देणाऱ्याला स्वतःच्या खात्याचा पत्ता पडद्यावर दिसतो आणि तो पाठवला जाणार नाही ही लहान अक्षरांतील सूचना वाचून साशंक कर्मचाऱ्याचे समाधान होत नाही. शिवाय प्रत्येक प्रतिसादापुढे वेळेची नोंद पडतेच. दुपारी सव्वातीनला ग्रंथालयातील संगणकावर कोण बसले होते हे ज्या महाविद्यालयात सर्वांना ठाऊक असते, तेथे ही नोंद पुरेशी बोलकी ठरते. ईमेल पत्ते न घेतल्यास कोणाचे उत्तर यायचे राहिले हे कळत नाही आणि घेतल्यास गोपनीयता राहत नाही, या पेचातून गूगल फॉर्म्स बाहेर काढत नाही.

आता उणिवांकडे वळतो. पहिली उणीव मांडणीच्या टप्प्यावरची आहे. निनावी प्रतिसाद, आयपी पत्ता (उत्तर देणाऱ्याच्या जोडणीचा इंटरनेटवरील क्रमांक) साठवणे, तारीख नोंदवणे, प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ मोजणे हे सर्व पर्याय प्रश्नावली सुरू करण्यापूर्वी ठरवावे लागतात आणि ती सुरू झाल्यावर बदलता येत नाहीत. हे बंधन मला स्वतःला योग्य वाटते, कारण अभिप्राय येऊ लागल्यावर कोणी वरिष्ठ दबाव आणून धागा जोडू शकत नाही. परंतु सुरुवातीचे पर्याय चुकले तर प्रश्नावली बंद करून नव्याने सुरू करावी लागते. त्यामुळे सुरू करण्यापूर्वी कक्षाबाहेरील एखाद्या शिक्षक प्रतिनिधीला आणि एका शिक्षकेतर प्रतिनिधीला हे पर्याय प्रत्यक्ष पडद्यावर दाखवावेत, असा माझा आग्रह असतो. परिपत्रकातल्या आश्वासनापेक्षा त्यांच्या तोंडून गेलेल्या शब्दावर कर्मचारी अधिक विश्वास ठेवतात.

दुसरी उणीव सॉफ्टवेअरच्या बाहेर, सर्व्हरवर असते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. सांकेतिक क्रमांक दुव्यातच असतो, त्यामुळे कोणत्या क्रमांकाचा दुवा किती वाजता उघडला गेला याची नोंद सर्व्हरच्या दैनंदिन नोंदींत राहू शकते. दुसरीकडे प्रतिसादांना क्रमाने क्रमांक मिळतात. ज्याच्या हाती संपूर्ण सर्व्हर आहे, त्याने ठरवले तर या दोन नोंदी शेजारी ठेवून तो बराच अंदाज बांधू शकेल. यावरचा साधा उपाय आम्ही कागदाच्या चिठ्ठ्यांत शोधला. यादीत नावे आणि ईमेल पत्ते न भरता केवळ सांकेतिक क्रमांक तयार करायचे, प्रत्येक क्रमांक क्यूआर कोडसह छापून घड्या घालायच्या आणि कर्मचाऱ्यांनी आपापल्या हाताने डब्यातून एकेक चिठ्ठी उचलायची. कोणता क्रमांक कोणाकडे गेला हे मग महाविद्यालयात कोणालाच माहीत नसते. स्मरणपत्राची सोय त्यामुळे हातची जाते हे खरे, पण प्रयोगशाळा सहायक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई यांच्यापैकी अनेक जण कार्यालयीन ईमेल वापरत नसल्याने ती सोय त्यांच्या बाबतीत तशीही कामाची नव्हती. अधीक्षकांच्या नजरेसमोरच्या संगणकाऐवजी प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर, आपल्या वेळेला उत्तरे भरावीत, हा या पद्धतीचा आणखी एक लाभ.

तिसरी उणीव मला सर्वांत गंभीर वाटते आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरला पूर्णपणे दूर करता येणार नाही. विभाग लहान असला की नाव नसले तरी माणूस ओळखू येतो. भाषांच्या किंवा सामाजिक शास्त्रांच्या विभागात दोन पूर्णवेळ शिक्षक आणि तासिका तत्त्वावरील एक-दोन शिक्षक असतील, तर सरासरी गुण हीसुद्धा उघड साक्ष ठरते. ठरावीक संख्येपेक्षा कमी प्रतिसाद असल्यास निकाल आपोआप झाकून ठेवण्याची तयार सोय लाइमसर्व्हेमध्ये असती तर मी त्याला अधिक गुण दिले असते. ती नसल्याने पाचपेक्षा कमी प्रतिसाद आलेल्या विभागाचा स्वतंत्र निकाल काढायचा नाही आणि असे विभाग विद्याशाखेच्या पातळीवर एकत्र करायचे, हा नियम आम्ही आधीच लेखी ठरवून घेतो. त्यातून लहान विभागाच्या प्रमुखांना नेमका बोध होत नाही, ही तक्रार मला मान्य आहे. तरीही तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाची पुढील सत्रातील नेमणूक ज्यांच्या शिफारशीवर अवलंबून असते, त्यांच्यापासून त्याचे मत सुरक्षित ठेवणे हे माझ्या लेखी अधिक महत्त्वाचे आहे.

मुक्त लेखनाच्या रकान्यात हा धोका आणखी वाढतो. आपल्या भागातील लेखनात बोली सहज उतरते. भंडारा-गोंदियाकडच्या सहकाऱ्याच्या वाक्यात झाडीबोलीची वळणे येतात, कोणी ‘ण’च्या जागी ‘न’ लिहितो, कोणाचे मराठी हिंदीच्या अंगाने जाते, तर कोणी एखादा ठरलेला वाक्प्रचार प्रत्येक बैठकीत वापरत असतो. दोन ओळी वाचल्या की त्या कोणाच्या हे विभागात कळते. म्हणून मूळ शेरे मूल्यमापन होत असलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या वरिष्ठांना जसेच्या तसे देऊ नयेत. विभागाबाहेरील दोन व्यक्तींनी ते वाचून, आशय कायम ठेवून, प्रमाण मराठीत सारांश तयार करावा आणि जात, धर्म, रूप किंवा खासगी आयुष्य यांवरील मजकूर त्यात येऊ देऊ नये. येथे लाइमसर्व्हेची अधिकारवाटणी फार उपयोगी पडते, कारण एखाद्याला केवळ आकडेवारी पाहण्याचा अधिकार देऊन प्रत्यक्ष प्रतिसाद पाहण्याचा आणि बाहेर काढण्याचा अधिकार नाकारता येतो. प्राचार्यांना आकडेवारी आणि सारांश, तर मूळ प्रतिसाद फक्त सारांश करणाऱ्या दोघांना, अशी विभागणी आम्ही केली आहे. निकाल हाती आल्यावर वरिष्ठांचा पहिला प्रश्न ‘हे कोणी लिहिले?’ असाच असतो आणि त्याचे उत्तर देणे शक्यच नाही, असे शांतपणे सांगता येणे ही या व्यवस्थेची मोठी देणगी आहे.

सेवाविषयक कायद्याच्या अंगाने पाहिले तर या उत्तराचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. देव दत्त विरुद्ध भारत संघ या २००८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवकाच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती प्रतिकूल असो वा चांगली, त्याला कळवली पाहिजे असे ठरवले आणि सुखदेव सिंग प्रकरणात २०१३ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने ही भूमिका कायम केली. ज्या नोंदीवर बढती अवलंबून असते ती पाहण्याचा आणि तिच्याविरुद्ध म्हणणे मांडण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला असणे न्याय्यच आहे. याचा सरळ अर्थ असा, की निनावी शेरा उचलून सी.आर.मध्ये, म्हणजे या गोपनीय अहवालात, चिकटवता येणार नाही. प्रतिवेदन अधिकाऱ्याने, म्हणजे हा अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाने, अभिप्रायांवरून दिशा घ्यावी, स्वतः खातरजमा करावी आणि जे लिहील त्याची जबाबदारी स्वतःच्या सहीने घ्यावी. अभिप्राय देणाऱ्याचे नाव सुरक्षित राहते आणि ज्याचे मूल्यमापन झाले त्याला उत्तर देण्यासाठी समोर एक जबाबदार व्यक्ती मिळते.

माहितीच्या अधिकाराखाली कोणी अर्ज केल्यास काय, अशी शंका अनेक महाविद्यालयांत घेतली जाते. मुलाखत मंडळाच्या सदस्यांची नावे उघड करणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात २०१२ मध्ये सांगितले आहे. पण अशा सवलतींवर प्रत्येक वेळी वाद घालावा लागतो. त्याउलट, हा अधिकार अस्तित्वात असलेल्या आणि कार्यालयाच्या ताब्यातील माहितीपुरता आहे, हे त्याच न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०११ च्या प्रकरणात स्पष्ट केले होते. नाव आणि उत्तर यांची सांगड अभिलेखातच नसेल, तर जनमाहिती अधिकाऱ्याकडे देण्यासारखे काही नसते आणि प्रकरण राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठापुढे अपिलात गेले तरी ही स्थिती बदलत नाही. प्राप्त झालेले अभिप्राय मात्र अभिलेख आहेत आणि ते मागितले जाऊ शकतात, हे ध्यानात ठेवूनच मुक्त लेखनाचे प्रश्न मोजके ठेवावेत.

निनावी प्रश्नावलीची एक मर्यादा पहिल्याच पानावर ठळकपणे लिहिली पाहिजे. लैंगिक छळासारख्या गंभीर बाबीची दाद येथे लागत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते आणि निनावी रकान्यात मन मोकळे केल्याने तो काळ थांबत नाही. समितीशी संपर्क कोठे साधावा हे त्याच पानावर द्यावे, अन्यथा एखादी सहकारी आपली तक्रार पोहोचली असे समजून वाट पाहत राहील आणि तिचा हक्क निसटून जाईल.

खर्चाच्या दृष्टीने सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी सर्व्हर, सुरक्षा अद्यतने आणि हे काम समजणारा तांत्रिक सहायक लागतो. ज्या महाविद्यालयात अशी व्यक्ती नाही, त्याने गूगल फॉर्म्सच वापरावा, ईमेल पत्ते घेऊ नयेत, वेळेचा रकाना काढून टाकूनच तक्ता पुढे द्यावा आणि ही मर्यादा कर्मचाऱ्यांना प्रामाणिकपणे सांगावी. अर्धवट बसवलेल्या लाइमसर्व्हेपेक्षा ते बरे. ज्यांच्याकडे सर्व्हर आणि मनुष्यबळ आहे, त्यांना मी हे सॉफ्टवेअर निःशंकपणे सुचवतो.

वापरणाऱ्यांसाठी शेवटची एक तांत्रिक सूचना आवश्यक आहे. मूल्यमापन पूर्ण झाल्यावर प्रश्नावली बंद केली की प्रतिसाद पुसले गेले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात लाइमसर्व्हे ते प्रतिसाद जुन्या तक्त्याच्या रूपाने विदागारात (डेटाबेसमध्ये) जपून ठेवते. व्यवस्थापकाच्या विदा-तपासणीच्या पानावर अशा जुन्या तक्त्यांची यादी दिसते. जतनाची मुदत संपल्यावर तेथून ते स्वतः निवडून काढून टाकावे लागतात, आणि सर्व्हरच्या राखीव प्रतींत उरलेली नक्कलही त्याच दिवशी पुसावी लागते.