डोक्याच्या दुखापतीनंतर अधू झालेला डावा हात: काही महिने उपाय वापरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगते, कारण असं काही वाचायला घेतलं की मीही आधी तेच शोधते. स्टेम सेल (इजा भरून काढण्यासाठी शरीरात सोडायच्या मूळ पेशी) घेतल्या नाहीत. बोटं उघडायला मदत करणारं विजेचं मशीन घेतलं. उपयोग झाला, पण जाहिरातीत दाखवतात तसा नाही. चांगला हात अडकवून ठेवायची पद्धत सगळ्यात वैतागाची आणि सगळ्यात कामाची निघाली. आवळलेले स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन तिसऱ्या क्रमांकावर, पण ते नसतं तर पहिल्या दोन्हींचं माझ्या हातावर फारसं काही चाललं नसतं.

माझी स्थिती अशी. अपघातात मेंदूच्या उजव्या भागाला मार लागला आणि डावी बाजू गेली. हालचालीचे आदेश नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात, म्हणून हा उलटा हिशोब. पाय बऱ्यापैकी सावरला. पाऊल घासायचं, त्याला घोट्याचा स्प्लिंट लागला आणि चालणं सुटसुटीत झालं. हात मात्र मागे राहिला. खांदा उचलायचा, कोपर वाकायचं, मनगट जेमतेम वर यायचं आणि बोटं मुठीत. खाली जे लिहिलंय ते सगळं दुखापतीला वर्ष उलटून गेल्यानंतरचं आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपला आपण बराच सावरतो आणि तेव्हा जो उपाय चालू असेल त्याच्या नावावर ते श्रेय जमा होतं.

स्टेम सेल: चौकशी केली, घेतल्या नाहीत

चौकशी अगदी मनापासून केली होती. ज्या केंद्रात गेलो तिथलं माहितीपत्रक आधी हातात पडलं. पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मणक्याची इजा, झिजलेले गुडघे, सगळ्यांना उपाय एकच: कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, पेशी वेगळ्या करायच्या, पाठीत सुई घालून मणक्याभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. मी विचारलं, "डॉक्टर, या पेशींचे मेंदूत नवे न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, होतात का?" उत्तर आलं, "होतात ना, म्हणून तर याला रिजनरेशन म्हणायचं." मला तिथेच शंका आली. मज्जेतल्या या पेशींबद्दल संशोधक स्वतः इतकं बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की पेशी वाढीला मदत करणारी द्रव्यं सोडतात, सूज शमवतात आणि आजूबाजूच्या जिवंत न्यूरॉनना नव्या जोडण्या करायला अनुकूल वातावरण देतात. त्या स्वतः फार काळ टिकत नाहीत. शिरेतून दिल्या तर बऱ्याचशा आधी फुफ्फुसातच अडकतात.

पॅकेजमध्ये पुढे होतं: प्रक्रियेनंतर रोज दोन वेळा फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्प्लिंट, घरचा व्यायाम. दादा शेजारी बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "अगं, मग हात सुधारला तर तो कशानं सुधारला, हे कळणार कसं?" सगळ्या चौकशीतला सगळ्यात हुशार प्रश्न हाच होता आणि तो आम्ही आत विचारायला हवा होता.

घरी आल्यावर जे वाचलं त्यातलं कामाचं तेवढं देते. डोक्याच्या दुखापतीनंतरच्या जुन्या कमजोरीसाठी सगळ्यात गंभीरपणे तपासलेल्या पेशी म्हणजे एसबी६२३. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून घेतलेल्या, प्रयोगशाळेत बदल केलेल्या. त्या पाठीतून सोडत नाहीत. कवटीला लहान भोक पाडून दुखापतीच्या कडेला नेमक्या जागी ठेवतात. स्टेमट्रा या चाचणीत ६१ रुग्ण होते, आणि तुलनेच्या गटावर पेशी न देता फक्त दिखाऊ शस्त्रक्रिया केली. सहा महिन्यांनी हालचालीच्या फुगल-मेयर मोजपट्टीवर पेशींचा गट सरासरी ८.३ गुणांनी सुधारला, दिखाऊ शस्त्रक्रियेचा २.३ गुणांनी. ही पट्टी हात-पाय मिळून १०० गुणांची असते. फरक खरा आहे, पण यातून अधू हात चांगल्या हातासारखा होत नाही. आणि त्याच पेशी जुन्या स्ट्रोकच्या १६३ रुग्णांवर वापरल्या तेव्हा चाचणीचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. जपानने २०२४ च्या जुलैमध्ये डोक्याच्या दुखापतीसाठी त्यांना मान्यता दिली, तीही सशर्त आणि मुदतीची.

स्वतःच्याच मज्जेतल्या पेशी शिरेतून देण्याचीही नीट चाचणी झालेली आहे, भारतातच, स्ट्रोकच्या १२० रुग्णांवर. निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आला: पद्धत सुरक्षित, पण फायदा दिसला नाही. मला देऊ केलेला उपाय यापेक्षा एसबी६२३ च्या जवळचा होता असं म्हणायला काहीच आधार नव्हता.

"नुकसान तर काही नाही ना" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका स्ट्रोकच्या रुग्णाची हकीकत आली. त्याने वेगवेगळ्या देशांत जाऊन मणक्याच्या पाण्यात पेशी सोडून घेतल्या होत्या. पुढे त्याच्या मणक्यात गाठ वाढली आणि पाय लुळे पडले. तपासात गाठीतल्या बऱ्याच पेशी त्याच्या स्वतःच्या नसून दुसऱ्या कुणाच्या निघाल्या. हे वाचल्यावर घरात पुन्हा तो विषय निघाला नाही.

विजेचं मशीन

फिजिओ मॅडम त्याला नुसतं "स्टिम" म्हणतात. दोन चिकट पॅड, एक छोटा डबा, एक बटण. पॅड हाताच्या मागच्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली लावायचे. वीज तिथल्या नसांना चेतवते आणि बोटं उघडणारे स्नायू आखडतात. मूठ स्वतःहून सुटते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हात माझाच आहे यावर विश्वास बसेना.

पण सगळा खेळ पॅडच्या जागेचा. बोटभर इकडे सरकला की फक्त अनामिका वर जाते. तिकडे सरकला की मनगट अंगठ्याच्या बाजूला वळतं आणि बोटं तशीच वाकडी. आम्ही जागा सापडली की पेनाने कातडीवर कोपरे आखून ठेवायचो. जेल वाळलं की टोचल्यासारखं व्हायचं. पाण्याचा थेंब लावून काही दिवस निभवायचं, मग नवे पॅड. कातडी लाल होते, ती थोड्या वेळात निवळली नाही तर त्या दिवशी सुट्टी.

सुरुवातीला मी मशीन लावून दुसरंच काहीतरी बघत बसायचे. बोटं उघडायची, मिटायची, आणि मशीन काढलं की पुन्हा जैसे थे. मॅडमनी पद्धत बदलायला लावली: समोर पाण्याची बाटली, मनात "उघड" असं म्हणून खरोखर जोर लावायचा आणि त्याच क्षणी उजव्या हाताने बटण दाबायचं. पकडायचं, उचलायचं, दुसरीकडे ठेवायचं, आणि सोडायचं. पकडणं त्यातलं सोपं काम. सोडणंच अवघड. कितीतरी वेळा बाटली टेबलावर नीट टेकलेली आणि बोटं मात्र तिला सोडायलाच तयार नाहीत. मग उजव्या हाताने एकेक बोट सोडवायचं. काही आठवड्यांनी बटण दाबायच्या आधीच तर्जनी आणि मधलं बोट थोडं हलायला लागलं. करंगळी अजूनही कुणाचं ऐकत नाही.

दुखापतीनंतर फिट येऊन गेली असेल किंवा छातीत पेसमेकर असेल तर हे मशीन परस्पर विकत घेऊन लावू नका. मला फिट आली नव्हती, तरी न्यूरॉलॉजिस्टना विचारूनच सुरू केलं.

चांगला हात अडकवणं

यामागची कल्पना एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची. त्यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. माकडं तो हात वापरायचीच बंद झाली, जरी स्नायूंना आदेश जाऊ शकत होते. चांगला हात बांधल्यावर नाइलाजाने वापरू लागली. म्हणजे न वापरण्याचीसुद्धा सवय लागते, आणि ती दुखापतीवर चढलेली वेगळी दुखापत असते. माणसांवरची एक्साइट नावाची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्ट्रोक होऊन ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण, २ आठवडे रोजचा कसून सराव आणि जागेपणीच्या ९० टक्के वेळ चांगल्या हातावर जाड पंजा, म्हणजे बोटं वापरू न देणारा हातमोजा. फायदा वर्षभरानंतरही टिकलेला होता.

माझ्या उजव्या हाताला तसाच जाड पंजा होता, बोटं आतल्या आत बंद. पहिल्या दिवशी शर्टचं एक बटण लावायला घेतलं. डावा अंगठा बटणाच्या कडेवरून घसरायचा, मग बटण काजापर्यंत आलं की तर्जनी वळायची आणि ते निसटायचं. आई दारात उभी राहून बघत होती. "मी लावून देऊ का गं?" "नको." पुन्हा थोड्या वेळाने, "अगं, थंडी वाजेल." शेवटी मॅडमनी आईला सांगितलं, "काकू, तुम्ही त्या वेळात जरा फिरून या." ज्यांच्या घरी प्रेमळ माणसं आहेत त्यांनी हे आधीच ठरवून घ्यावं. या पद्धतीत मदत करणारा माणूस म्हणजे अडचण.

चिडचिड खूप होते. डोक्याला मार लागलेल्यांचा मेंदू लवकर थकतो, तो थकवा झोपेने लगेच जात नाही, आणि थकलेल्या अवस्थेत केलेला सराव वायाच जातो. म्हणून मी चाचणीतल्यासारखा दिवसभर पंजा बांधला नाही, दुपारी सोडायचे. जिना, गरम वस्तू, ओली फरशी असेल तेव्हा पंजा काढायचाच, तोल गेला तर धरायला तोच हात असतो. आणि मनगट व बोटं स्वतःहून थोडीही वर येत नसतील तर ही पद्धत नुसता छळ ठरेल. त्यांनी आधी स्टिमकडे बघावं.

इंजेक्शन

मूठ इतकी घट्ट असायची की तळव्यात नखं रुतायची. ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळीने हात सैल झाला, पण मीही सैल झाले. दिवसभर पेंग, व्यायामात लक्ष नाही. मग बोट्युलिनम बोटं मिटणाऱ्या स्नायूंमध्ये दिलं. काही दिवसांत ताठरपणा उतरू लागला, आणि साधारण ३ महिन्यांनी परत चढू लागला, असंच असतं. याने काही नवं उगवत नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवला जातो, बस. पण मिटणारे स्नायू गप्प बसले की उघडणाऱ्यांना संधी मिळते, आणि तेवढ्या काळात स्टिम आणि पंजा दोन्ही जोरात चालवायचे. इंजेक्शन घेऊन घरी बसलेले लोक मी वेटिंगमध्ये पाहिलेत. दर खेपेला तिथेच परत येतात. तोटा एवढाच, की मला पकडही सैल पडल्यासारखी वाटली. बाटली उघडता येईना.

बाकीचं, भराभर

आरसा लावून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत सराव करणं: काहीच खर्चाचं नाही, नुकसान नाही, माझ्या हातावर फारसा परिणाम नाही, पण हात "आपला" वाटायला लागला हे खरं. रोबोटवर हात बांधून सराव: काही काळ केला, मजा आली. २०१९ मध्ये ७७० रुग्णांच्या चाचणीत हाताच्या वापरात नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही, त्यामुळे बंद झाल्याचं वाईट वाटलं नाही. फ्लुऑक्सेटीन ही नैराश्यावरची गोळी हालचाल परत आणते असं २०११ च्या लहान चाचणीवरून वाटलं होतं. २०१८ मध्ये ३,१२७ स्ट्रोकच्या रुग्णांवर तपासली तेव्हा तसं काही दिसलं नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. आधीच लटपटत चालणाऱ्याला हेच नको असतं. नैराश्यासाठी दिली असेल तर गोष्ट वेगळी, ती परस्पर बंद करू नका.

व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशनबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. छातीत बसवलेलं यंत्र मानेतल्या नसेला हालचालीच्या ऐन क्षणी हलका झटका देतं. १०८ जणांच्या चाचणीत यंत्र सगळ्यांना बसवलं आणि सराव सगळ्यांनाच दिला. अर्ध्यांना खरा झटका, अर्ध्यांना नाही. तीन महिन्यांनी खऱ्या गटातल्या ४७ टक्के लोकांना कामाची म्हणावी अशी सुधारणा, दुसऱ्या गटात २४ टक्के. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२१ मध्ये मान्यता दिली, पण ती गुठळीच्या स्ट्रोकनंतरच्या हातासाठी. माझ्यासारख्या दुखापतीवाल्यांसाठी नाही. मला त्यातली दुसऱ्या गटाची टक्केवारी जास्त बोलकी वाटते: झटका नसताना, नुसत्या सरावावर, सरासरी तीन वर्षं जुन्या हातांपैकी चौथा हिस्सा पुढे सरकला. ज्या ज्या उपायाचे आकडे चांगले आहेत त्याच्या पोटात सराव आहेच, आणि यंत्राचा किंवा पेशींचा वाटा त्याच्यावरचा आहे. पैसे कुठे घालायचे हे मी त्यावरून ठरवलं.

आज काय जमतं: बाटली धरून ठेवणं, टॉवेल पिळताना एक टोक पकडणं, बटणं (मोठी), दाराची कडी. कीबोर्डवर डावा हात नाही. नाणं उचलता येत नाही. थंडीत आणि घाईत मूठ पुन्हा आवळते.

डोक्याच्या दुखापतीसाठी पेशींची रीतसर नोंदवलेली, दिखाऊ गट असलेली आणि सहभागाचे पैसे न मागणारी चाचणी निघाली तर मी नाव देईन. तोपर्यंत पुढच्या इंजेक्शनच्या वेळी डोस कमी करायला सांगणार आहे, निदान अंगठ्याजवळच्या स्नायूचा तरी, कारण उघडणं आता जमतंय आणि पकड परत हवी आहे.