28 लिटरचा ओटीजी आणि केक सजवण्याचा संच : फोंड्याच्या घरात अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीत आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी 28 लिटरचा, 1500 वॉटचा ओटीजी, म्हणजे भाजण्या-शेकण्याची विजेची छोटी भट्टी, आला आणि मुलीच्या हट्टापायी त्याच्याबरोबर केक सजवण्याचा शंभराहून अधिक नगांचा एक संचही आला. तेव्हापासूनच्या अकरा महिन्यांत घरातले चार वाढदिवस, आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, नाताळात शेजाऱ्यांकडे न्यायचा केक आणि गणेशचवथीला जमलेल्या पंचवीस-तीस माणसांसाठीचे कपकेक एवढे सगळे या दोन वस्तूंवर पार पडले. ओटीजीच्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते या मापाच्या बहुतेक ओटीजींना लागू पडावे, आणि त्यातले निम्मे तर यंत्राविषयी नसून आपल्या इथल्या हवेविषयी आहे.

आमच्या घरात केक हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी तवसळी होती. जून झालेले तवसे, म्हणजे मोठी काकडी, किसून, त्यात रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून आई ती जाड बुडाच्या टोपात भाजत असे आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवत असे. खालून आणि वरून सारखी धग, एवढेच त्या टोपाचे तत्त्व होते आणि ओटीजीचेही तेच आहे. फरक इतकाच की निखारे किती ठेवायचे हे आईच्या हाताला ठाऊक होते, आणि ओटीजीच्या बटणाला ते ठाऊक आहे असे आपण उगाच गृहीत धरतो.

माझा पहिला व्हॅनिला केक वरून देवळाच्या घुमटासारखा फुगला, मधोमध चिरला, बाहेरून करपला आणि आतून कच्चा राहिला. कृतीत 180 अंश लिहिले होते, मी बटण 180 वर ठेवले होते, दहा मिनिटे आधी ओटीजी तापवूनही घेतला होता. दुसऱ्या केकचेही तेच झाले तेव्हा दोष मैद्याचा, बेकिंग पावडरचा की माझा, यावर घरात बराच खल झाला. शेवटी मी आत टांगून ठेवायचा एक साधा तापमापक आणला आणि पहिल्याच दिवशी उलगडा झाला. बटण 180 वर असताना आतला काटा 200 च्या पुढे जाऊन खाली येत होता. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट तापवणारा रॉड चालू-बंद करत राहतो, त्यामुळे तापमान थोडे वरखाली होणारच, परंतु माझ्या ओटीजीची सरासरीच वीस अंशांनी जास्त होती. आता मी बटण 160 च्या किंचित खाली ठेवतो आणि आत 175 च्या आसपास तापमान मिळते. नवा ओटीजी घेणाऱ्याने संच, साचे, रंग यांच्याही आधी हा तापमापक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट जागेची. आतल्या मागच्या उजव्या कोपऱ्यात धग जास्त आहे, म्हणून दोनतृतीयांश वेळ झाला की मी टिन अर्धवर्तुळात फिरवतो. त्याआधी दार उघडत नाही, कारण मधला भाग घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली की केक बसतो. सहा इंची टिनमधला अर्ध्या किलोचा केक या तापमानाला 30 ते 35 मिनिटांत होतो आणि कपकेक 18 ते 20 मिनिटांत. वरचा भाग सपाट हवा असेल तर जुन्या पंचाची पट्टी ओली करून, पिळून टिनभोवती गुंडाळावी. कडा लवकर घट्ट होत नाहीत आणि मध्ये घुमट येत नाही. ही युक्ती कळल्यापासून केकचा वरचा भाग कापून टाकण्याचे माझे काम थांबले आणि ते तुकडे खायला टपलेल्या मुलांची मात्र निराशा झाली. 12 खणांचा कपकेकचा ट्रे मी हौसेने आणला होता, पण तो आत ठेवला की दार लागत नव्हते. आतली रुंदी-खोली पट्टीने मोजल्याशिवाय कोणताही ट्रे घेऊ नये. आता 6 खणांचे दोन ट्रे एकामागोमाग लावतो.

पावसाळ्यात वीज जाणे आपल्याला नवीन नाही, तरी केक आत असताना ती जाते तेव्हा माणूस वेगळ्याच तऱ्हेने हताश होतो. जुलैमध्ये असे दोनदा झाले. एकदा केक आत जाऊन दहाच मिनिटे झाली होती, तो खालीच बसला. दुसऱ्यांदा पाच-सात मिनिटांचेच काम उरले होते, मी दार बंद ठेवले आणि आतल्या उष्णतेवर तो व्यवस्थित झाला. येथे एक बारकावा सांगतो. या ओटीजीचा टायमर चावीवर चालणारा आहे, त्यामुळे वीज गेली तरी तो टिकटिकतच राहतो आणि वेळेवर घंटाही वाजवतो. त्या घंटेवर विसंबून राहू नये. वीज किती वेळ नव्हती ते घड्याळात पाहून ठेवावे. विजेच्या बिलाची मला वाटली होती तेवढी धास्ती उरली नाही. रॉड सतत पेटलेला नसल्याने तासाभराच्या वापराला दीड युनिटपेक्षा कमीच लागते. मात्र याला 16 अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा, मल्टिप्लगवर तो लावू नये.

भाजण्याची ही सगळी कसरत दोन-तीन महिन्यांत हाताखाली बसली. सजावटीचे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण माझ्या मते गोव्याची हवा हेच आहे. धाकटीचा वाढदिवस मे महिन्यात येतो. लोणी, पिठीसाखर आणि थोडे दूध फेटून केलेल्या बटरक्रीमची गुलाबाची फुले मी सकाळी मोठ्या निगुतीने काढली, आणि संध्याकाळी पाहुणे येईपर्यंत त्या फुलांनी माना टाकल्या. लोणी 32 ते 35 अंशांना वितळते आणि मेमध्ये आमच्या स्वयंपाकघरातला पारा तेथेच रेंगाळत असतो, तेव्हा याहून वेगळे काही होणारच नव्हते. त्यानंतर मी आयसिंगचे काम झोपण्याच्या खोलीत, वातानुकूलन यंत्र लावून करू लागलो. पलंगावर वर्तमानपत्रे पसरून मध्ये टर्नटेबल, म्हणजे केक फिरवायची थाळी, ठेवलेले पाहून आई म्हणाली, "आता चूलही तिकडेच ने!"

बाजारात गोठवलेल्या पेट्यांत मिळणारे वनस्पती तेलाचे व्हिपिंग क्रीम उष्णतेत जास्त टिकते. ते आधीच गोड असते, फ्रिजमध्ये हळूहळू सुटू द्यावे लागते आणि थोडे बर्फाचे कण असतानाच फेटले तर छान फुलते. चवीला मात्र ते मला आवडत नाही. जिभेवर तुपकट थर राहतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तर ते पहिल्याच घासाला ओळखले. दुधाच्या साध्या क्रीममध्ये 25 टक्के स्निग्धांश असतो, तेवढ्यावर ते फेटून घट्ट उभे राहत नाही. दोन डब्यांची नासाडी केल्यावर मला हे उमगले. त्याच क्रीमचे गनाश मात्र उत्तम होते. एरवी दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग गरम क्रीम मी घेतो, मे महिन्यात चॉकलेट अडीच भाग करतो, आणि रात्रभर झाकून ठेवलेले ते मिश्रण दुसऱ्या दिवशी सुरीने लोण्यासारखे पसरते. आईवडिलांच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा केक याच गनाशवर तरला.

पावसाळ्याचा त्रास उष्णतेचा नसून ओलाव्याचा. पिठीसाखरेचे खडे होतात, म्हणून मी ती विकत आणणे सोडले; लागेल तेव्हा एक वाटी साखर आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिक्सरमधून काढतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या आयसिंगची फुले डिसेंबरात एका रात्रीत खडखडीत वाळली होती, ती जुलैमध्ये दोन दिवसांनंतरही बोटाला चिकटत होती. फाँडंटचा, म्हणजे केकवर लाटून घालायच्या साखरेच्या लगद्याचा, अनुभव याहून वाईट. ते साखरेचेच असल्यामुळे हवेतले पाणी ओढून घेते, आणि फ्रिजमधून बाहेर काढलेल्या केकवर तर दव पडल्यासारखे थेंब जमतात, रंग ओघळतात. यावर एकच उपाय मला लागू पडला. केक पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावरही तासभर खोके उघडू नये. दव धरायचे ते खोक्यावर धरते. जून ते सप्टेंबर फाँडंटच्या वाटेला मी आता जात नाही.

आता त्या संचाबद्दल. शंभरावर नग असले तरी अकरा महिन्यांत माझ्या हाताला लागले ते सात-आठच: टर्नटेबल, लांब सरळ पॅलेट नाइफ, कडा खरवडायची पट्टी, आयसिंग काढायच्या पिशवीला लावायचे मोठे चांदणीचे नोझल, पानाचे एक, आणि नाव लिहिण्यासाठीचे बारीक गोल तोंडाचे दोन. उरलेली चाळीस नोझले डब्यात आहेत. आयसिंगच्या सिलिकॉन पिशवीला धुतल्यानंतरही लोण्याचा वास राहतो, एकदा वापरून टाकायच्या पिशव्या बऱ्या. प्लॅस्टिकचे टर्नटेबल अर्ध्या किलोला ठीक होते. दोन किलोच्या केकखाली ते कलले, म्हणून शेवटी धातूचे वेगळे घेतले. नोझलांच्या सांध्यावर तिसऱ्या महिन्यातच गंज दिसू लागला. आपल्याकडे नुसते पुसून भागत नाही. आता केक बाहेर काढल्यावर बंद केलेल्या ओटीजीच्या उरलेल्या उष्णतेत मी धुतलेली नोझले ठेवून देतो, आणि त्यानंतर नवा गंज धरलेला नाही. हा संच पुन्हा घ्यायचा झाला तर घेणार नाही. हेच सात-आठ नग सुटे आणि चांगल्या प्रतीचे घेईन.

चवथीचे कपकेक अर्थातच अंड्याविना होते. आमच्याकडे सोमवारी, श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत अंडे चालत नाही, म्हणून दोन टिन आणि एक ट्रे मी वेगळेच ठेवले आहेत. कंडेन्स्ड मिल्क आणि दह्यावर केलेले हे कपकेक हलके होतात, फक्त ते ट्रेमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नयेत; वाफ धरून कागदी वाट्या सुटून येतात. विकतच्या सजावटीच्या गोळ्या आणि तयार मार्शमॅलो घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका आवर्जून पाहावा, कारण पुष्कळांत जिलेटिन असते. एका नातेवाइकांनी केकवर फाँडंटचा गणपती करण्याची सूचना केली होती. मूर्ती करायची आणि मग तिच्यावर सुरी धरायची, हे मला पटले नाही. मी पांढऱ्या चॉकलेटचे छोटे मोदक करून प्रत्येक कपकेकवर एक ठेवला. रंगासाठी कोकमाचे बिनमिठाचे सरबत वापरून पाहिले. लिंबू घातलेल्या साखरेच्या पाकात त्याचा सुरेख गुलाबी रंग आला, सोडा असलेल्या पिठात मात्र तोच रंग राखाडी झाला.

ओटीजीने मला सगळ्यांत जास्त समाधान दिले ते नाताळात. शेजारच्या बाईंनी दाखवल्याप्रमाणे रवा-खोबऱ्याचे मिश्रण रात्रभर मुरवून केलेला बाथ केक पहिल्याच खेपेला जमला. त्या यशाच्या भरात मी बेबिंकाही करून पाहिली. नारळाचा दाट रस, साखर, अंड्यांचे पिवळे बलक, मैदा आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण थरावर थर ओतून प्रत्येक थर वरूनच भाजायचा असतो आणि दोन थरांमध्ये तूप सोडायचे असते. पूर्वी झाकणावरचे निखारे हे काम करत. ओटीजीत फक्त वरचा रॉड चालू ठेवण्याची सोय आहे, ती मला तोवर निरुपयोगी वाटत होती. सात थरांना पावणेदोन तास लागले, टिन वरच्या जाळीवर ठेवावे लागले आणि डोळा लागला असता तर थर करपला असता. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले. माझी बेबिंका त्या मानाच्या जवळपासही नव्हती, तिसरा थर दुसऱ्याला सोडून आला होता, तरी शेजारच्या बाईंनी दोन तुकडे मागून घेतले.

तक्रार एकच आणि ती मोठी. सातव्या महिन्यात खालचा रॉड एका बाजूने लाल होईना. हमीचा काळ शिल्लक असूनही दुरुस्ती केंद्राने मला दोन फेऱ्या मारायला लावल्या, सुट्या भागासाठी तीन आठवडे गेले आणि त्या काळात आलेला भाच्याचा वाढदिवस बेकरीतल्या केकवर भागवावा लागला. ओटीजी घेताना दुरुस्तीची सोय फोंड्यात, मडगावात की पणजीत आहे, आणि सुटा भाग येथे मिळतो की बाहेरून मागवावा लागतो, हे दुकानदाराला खोदून विचारावे. रॉड बदलल्यानंतर तापमापक पुन्हा आत लावून पाहिला, तर बटण आणि आतले तापमान यांच्यातले अंतर वीसवरून बारा अंशांवर आले होते. त्यामुळे माझ्या वहीतले सगळे आकडे आता नव्याने लिहायचे आहेत. काल तवसळीपासून सुरुवात केली.