स्कॉटलंड्सपीपल: जुन्या बचावपटूचा माग काढायला कितपत कामाचं?

जन्म, घराणं, वडिलांचा धंदा एवढं हवं असेल तर स्कॉटलंडच्या या सरकारी नोंदींच्या संकेतस्थळाला तोड नाही. सामने, करार, पगार हवे असतील तर इथे क्रेडिट (नोंदी पाहण्यासाठी आधी विकत घ्यायचे गुण) खर्चू नका.

जुना स्कॉटिश फुटबॉलपटू अलेक रेझबेक घ्या. १८७८ साली पोलमाँट परिसरात जन्म, स्कॉटलंडच्या हायबर्नियन क्लबकडून १८९८ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूलला, तिथे १९०१ आणि १९०६ ची लीग विजेतेपदं, १९०९ मध्ये परत स्कॉटलंडच्या पार्टिक थिसल क्लबात. (तो सेंटर-हाफ, म्हणजे दोन बचावपटू, तीन हाफ, पाच आघाडीचे अशा २-३-५ रचनेतल्या मधल्या फळीच्या मध्यभागी. त्या जागेवरच्याला पुढेही धावावं लागे, याचं नाव झालं ते बचावामुळेच.) जन्मनोंद लगेच हाती लागते, आणि १८६१ नंतरच्या स्कॉटिश जन्मनोंदीत आईवडिलांच्या लग्नाची तारीख व ठिकाणही असतं. इंग्लंडच्या दाखल्यात ते नसतं. एका नोंदीवरून मागची पिढी सापडते ती यामुळेच.

घोळ १९०१ पाशी होतो. त्या जनगणनेच्या वेळी तो लिव्हरपूलकडून खेळत होता, आणि या संकेतस्थळावर जनगणना फक्त स्कॉटलंडची. सीमा ओलांडलेल्या खेळाडूंची इथल्या जनगणनेत नोंदच नसते, आणि लोक तोच शोध पुन्हा पुन्हा लावत बसतात. त्यासाठी इंग्लंड-वेल्सची जनगणना वेगळ्या सेवेवर पाहावी लागते. त्याचा मृत्यूही १९४९ मध्ये लिव्हरपूललाच झाला, म्हणजे तो दाखलाही इंग्लंडचाच. १९११ साठी मात्र परत इथेच या, तेव्हा तो थिसलचा होता. फक्त घरच्यांनी स्वतःच्या हाताने भरलेला जनगणनेचा अर्ज मिळेल ही आशा नको. स्कॉटलंडमध्ये उरल्या आहेत त्या गणनाधिकाऱ्यांनी उतरवलेल्या वह्या.

सूचीत शोधणं फुकट, जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदीची प्रतिमा ६ क्रेडिटला. म्हणून आधी वय, परगणा, नोंदणी जिल्हा लावून यादी दोन-तीन नावांवर आणा, मगच प्रतिमा उघडा. आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर असायचं, तेव्हा तंतोतंत जुळणीऐवजी ध्वनीनुसार शोध किंवा तारांकन (कुठल्याही अक्षरांच्या जागी चालणारं * चिन्ह) वापरा. मॅक-वाल्या आडनावांना तर हे हवंच. जन्माला १००, विवाहाला ७५ आणि मृत्यूला ५० वर्षं झाल्याशिवाय प्रतिमा ऑनलाइन दिसत नाही. उघडलेली प्रतिमा खात्यात राहते, ही सोय चांगली.

त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमधली आठवड्याला ४ पौंडांची पगारमर्यादा चुकवण्यासाठी लिव्हरपूलने रेझबेकला भित्तिपत्रकं तपासायचं काम दिलं होतं. असलं काही नोंदवहीत सापडत नाही. त्याला जुनी वर्तमानपत्रंच चाळावी लागतात.