भंडारदऱ्याचे तंबू आणि माझे 17,971 रुपये

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही अकरा जण भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो. मुक्काम धरणाच्या काठी, तंबूत. बुकिंग मी केलं होतं आणि सगळे पैसे माझ्याच खात्यातून गेले. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले काही आठवडे घरात कुणी ना कुणी "बुकिंग कुणी केलं होतं?" असं विचारतंच.

बुकिंगच्या नावाखाली पैसे लुटणारे हे लोक कसे फसवतात ते नव्याने सांगायची गरज नाही. सुंदर रील, खाली नंबर, व्हॉट्सअॅपवर गोड बोलणं, अॅडव्हान्स, मग फोन बंद. मलाही माहीत होतं. आमच्या ऑफिसातल्या एकाची लोणावळ्याच्या बंगल्याच्या नावाखाली अशीच फसवणूक झाली, तेव्हा मीच त्याला म्हणाले होते, "आधी चौकशी नाही का करायची?" आता तो माझ्याशी फार चांगलं वागतो, त्याचाच मला जास्त त्रास होतो.

सासूबाई 71 वर्षांच्या. काजव्यांनी लखलखणारं झाड त्यांनी लहानपणी कधीतरी पाहिलेलं, ते पुन्हा बघायचं असं त्या दोन वर्षं म्हणत होत्या. काजव्यांचा हंगाम मेचा शेवट ते जूनचा मध्य, एकदा पाऊस लागला की संपलं. एमटीडीसीच्या निवासात जागा नव्हती. ओळखीतल्या दोन ठिकाणी फोन केले, तीही भरलेली. म्हणजे चौकशी केलीच नाही असं नाही. त्यानंतर ते रील समोर आलं.

फोनवरचा माणूस अगदी तिकडच्या अकोले तालुक्यातलं मराठी बोलत होता. "ताई, टेन्शनच घेऊ नका. म्हाताऱ्या माणसांना वेगळा तंबू देतो, खाली गादी टाकतो. पिठलं-भाकरी चुलीवरची." मी माझं माहेर सांगितलं तर म्हणाला, "मग तुम्ही आपल्याच की!" मोठ्यांना 1,400 आणि मुलांना 700. आठ मोठे, तीन मुलं, एकूण 13,300. निम्मे आधी. मंगळवारी मी 6,650 रुपये पाठवले.

पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी ट्रेडर्सचं. कॅम्पचं नाही, त्या माणसाचंही नाही. मी विचारलं. "आमच्या सीएचं खातं आहे ताई, जीएसटीचं बघतो तो." मी हिशेबाच्या कामात चौदा वर्षं आहे. सीए गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या ट्रेडिंगच्या खात्यात घेत नाही, हे मी ऑफिसात शिकाऊ मुलांना समजावून सांगते. तरी पिन टाकला. यूपीआयमध्ये पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते बँकेतल्या खात्याचं नाव असतं, ते बदलता येत नाही. ते वाचा. ज्याच्याशी बोलताय त्याचं नसेल तर तिथेच थांबा.

बुधवारी फोन आला की गर्दी आहे म्हणून सिक्युरिटी डिपॉझिट लागेल, 5,000, निघताना परत. भरले. दहा मिनिटांत पुन्हा फोन: "ताई, 5,001 टाकायचे होते. एक रुपया कमी पडल्यामुळे सिस्टीममध्ये एंट्रीच होत नाहीये. पूर्ण 5,001 पाठवा, आधीचे 5,000 आपोआप परत येतील." महिनाअखेर होती, टेबलावर व्हाउचरांचा ढीग, साहेब समोर उभे. मी जिन्यात जाऊन 5,001 पाठवले. शनिवारी सकाळी इगतपुरीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा वनखात्याच्या पासचे माणशी 120, म्हणजे 1,320. तेही दिले.

एकूण 17,971. एवढ्यात आमच्या घराचं महिन्याचं किराणा-दूध होऊन काही उरतं.

पण मला रात्री झोप लागत नाही ती या रकमेमुळे नाही, एका फोटोमुळे. गुरुवारी त्याने फोटो पाठवला. "आजचा सकाळचा व्ह्यू, ताई." तंबूच्या दोरीपर्यंत पाणी, मागे हिरवेगार डोंगर, डोंगरावर ढग टेकलेले. मी तो स्टेटसला ठेवला.

माझं माहेर संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेच्या कालव्याखालचं. भंडारदऱ्याचं आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडतात ते पाणी, कधी सुटणार, यावर आमच्या घरातलं सगळं ठरायचं. ऊस राहील का, चारा करायचा का, ताईच्या लग्नाची तारीखसुद्धा. वडील पेपर उघडला की आधी धरणाचा साठा बघायचे. 1926 साली पुरं झालेलं हे धरण, त्याचं पाणी खाली आमच्याकडे येतं आणि उन्हाळी आवर्तनं सुटत सुटत मेअखेर धरण पार खाली जातं. काठ उघडे पडतात, वाळलेला गाळ दिसतो, डोंगर पिवळे-तपकिरी झालेले असतात. जूनमध्ये घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धरला की ते चढायला लागतं आणि साधारण ऑगस्टमध्ये काठोकाठ होतं. हे मला कुठे वाचावं लागलं नाही, हे ऐकत मी वाढले. मेमध्ये भंडारदरा भरलेलं असतं तर माझ्या वडिलांना कधी रात्री बॅटरी घेऊन शेताला पाणी देणाऱ्या चारीवर जावं लागलं नसतं.

आणि आईने तो स्टेटस बघून फोन केला होता! "पाणी लई दिसतंय गं यंदा?" मी काय म्हणाले? "अवकाळी झाला असेल तिकडं." आई म्हणाली, "असं का," आणि गप्प बसली. शिकलेल्या, मुंबईकडे नोकरी करणाऱ्या मुलीसमोर ती फारसं बोलत नाही. शेतात आयुष्य गेलेल्या बाईला एका नजरेत जे खटकलं, ते मी तिच्या तोंडावर खोडून काढलं.

म्हणून कुठलाही तलाव असो, पवना असो नाहीतर भंडारदरा, फोटोतला ऋतू आणि तुमच्या जायच्या दिवसाचा ऋतू जुळतो का ते बघा. त्याला तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल करायला सांगा. खरा माणूस फोन फिरवून धरण दाखवेल. माझ्यावाला म्हणाला, "इथं रेंज नाही ताई." रेंज नाही, पण पैसे मागायला फोन बरोबर लागत होता.

आम्ही डोंबिवलीहून, ताई-दाजी नाशिकहून, आणि आई, भाऊ, वहिनी राजूरमार्गे असे धरणाजवळच्या शेंडी गावात भेटलो. वनखात्याच्या नाक्यावर मी मोबाइलवरचा पास दाखवला. तिथल्या माणसाने नीट बघून परत दिला. "असा पास आम्ही देत नाही ताई." पुन्हा पैसे भरून पावती घेतली. तरी मला वाटलं, पासचाच काहीतरी घोळ असेल. माणूस शेवटपर्यंत स्वतःला समजावत राहतो.

त्याने पाठवलेल्या लोकेशनवर, मुरशेतच्या बाजूला, खरोखरच तंबू होते. सगळे भरलेले. मालक बाहेर आला, मी आमचं बुकिंग सांगितलं आणि त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. "ताई, तुमची तिसरी गाडी ह्या आठवड्यातली." त्याच्याच जागेचे फोटो, त्याच्याच कॅम्पचं नाव, नंबर फक्त दुसरा. नकाशावर त्याच्या जागेच्या नावाखालचा नंबरसुद्धा कुणीतरी बदलून टाकलेला. माझ्या मोबाइलवरून फोन लावला तर बंद. ताईच्या मोबाइलवरून लावला, तर उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला.

संध्याकाळचे सात वाजलेले. मुलं भुकेली, सासूबाई गाडीतच बसून. दाजी एक शब्द बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्या मालकाने दोन्ही म्हाताऱ्यांना स्वतःच्या घरात जागा दिली, आम्हाला अंगणात ताडपत्री बांधून दिली. सगळ्यांच्या जेवणासकट 3,500 रुपये घेतले. त्याने 10,000 मागितले असते तरी मी दिले असते.

रात्री त्याच्या घरामागच्या सादड्यावर काजवे होते. पूर्ण झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. सासूबाई हात जोडून बघत होत्या. मी नीट पाहिलंच नाही. मी मोबाइल उंच धरून रेंज शोधत फिरत होते.

कारण 1930. सायबर फसवणुकीसाठी हा नंबर आहे आणि पैसे गेल्यापासून जितक्या लवकर कळवाल तितकी समोरचं खातं गोठण्याची शक्यता जास्त. माझे मंगळवारचे पैसे शनिवारी कुठले राहणार? दाजींनी शेंडीपर्यंत गाडी काढली, तिथून रात्री 9:40 ला तक्रार नोंदवली. फक्त सकाळचे 1,320 गोठले. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवूनच फोन करा, नाहीतर शोधण्यातच वेळ जातो.

त्यानंतर जे झालं, त्याची चीड फसवणाऱ्यापेक्षा जास्त आहे.

बँकेत गेले. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही असं आहे, ते छापून नेलं होतं. बाईंनी वाचलंही नाही. "ते तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी. इथे पिन तुम्ही टाकलाय." ठीक, नियम तसा असेल. पण ते ट्रेडर्सचं खातं उघडताना कुणी कागद तपासले होते ना? त्या खात्यात रोज अनोळखी लोकांचे असे पैसे येत असताना कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? याला उत्तर नाही. आणि जे 1,320 गोठलेत, माझेच, सगळ्यांना माहीत आहे की माझेच, त्यासाठी कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. 1,320 रुपयांसाठी वकील!

पोलीस स्टेशनला गेले तर, "घटना तिकडे घडली ना, तिकडे द्या." तिकडे फोन केला तर, "पैसे कुठून पाठवले? मग तिथेच द्या." गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 173 आहे, झिरो एफआयआर म्हणतात. मी हे बोलले तर समोरचा हवालदार म्हणाला, "मॅडम, तुम्हाला एवढं सगळं माहीत आहे, मग पैसे कसे पाठवलेत?" आजूबाजूचे चार जण हसले. त्या बाकावर बसून मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. फसलेला माणूस मूर्ख ठरवला की कुणालाच काम करावं लागत नाही.

दुसऱ्या वेळी अर्ज टाइप करून आणायला सांगितला. तिसऱ्या वेळी बँकेचं स्टेटमेंट चालेना, शिक्का पाहिजे. सायबरच्या टेबलावर सांगितलं की इथे लाखांच्या केसेस पडून आहेत, सतरा हजारांचं काय घेऊन बसलात. माझ्या तीन रजा गेल्या. ते रील टाकणारं पान ज्या कंपनीच्या अॅपवर आहे, तिला मी आणि घरातल्या सहा जणांनी कळवलं. उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

मध्ये एका सोमवारी "मॅनेजर"चा फोन आला. रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा. नवऱ्याने फोन हातात घेतलासुद्धा होता. मी ओढून घेतला. पैसे यायला पिन लागत नाही, कधीच नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि मुलांना, आजच सांगून ठेवा. एकदा फसलेल्याचा नंबर ते पुन्हा वापरतात, कारण त्याला पैसे परत मिळवायची घाई झालेली असते.

कॅम्पवाल्यांनाही एक विनंती. नकाशावरची आपली जागा दर आठवड्याला उघडून बघा, नंबर आपलाच आहे का. त्या मुरशेतच्या भल्या माणसाला माहीतच नव्हतं, आणि शिव्या त्याला खाव्या लागल्या.

या गुरुवारी मला पुन्हा बोलावलंय. शिक्का मारलेलं स्टेटमेंट, चॅटचे प्रिंट आणि तो भरलेल्या धरणाचा फोटो घेऊन जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाचे असे पैसे कॅम्पिंगच्या नावाखाली कुठल्या ट्रेडर्सच्या खात्यात गेले असतील, 500 का असेनात, तर लाजू नका, तुमची तक्रार वेगळी नोंदवा. एकाच खात्याविरुद्ध दहा जणांचे अर्ज पडले, तर "सतराच हजार ना" असं म्हणणं त्यांना अवघड जाईल.