सहा रंगांचा कॅट: आठ महिने खेळल्यानंतर

पुण्यात आमचा सहा जणांचा गट दर रविवारी संध्याकाळी खेळायला बसतो. बोर्डगेम असतात, फासे टाकून पुढे न्यायचे कथाखेळ असतात आणि रात्र झाली की मेंढीकोट. सहा जणांचा मेंढीकोट म्हणजे पत्त्यांचे दोन कॅट एकत्र करा, त्यातली पानं काढून ठेवा, आणि एकाच हातात बदामाचे दोन राजे पडले की हात कुणाचा यावर अर्धा तास बोला. त्या वादातूनच कल्पना निघाली : इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चारऐवजी सहा रंगांचा कॅट का करू नये? तेरा सक अठ्ठ्याहत्तर. सहा जणांना बरोबर १३-१३ पानं, एकही पान दुबार नाही. मेंढ्या, म्हणजे दश्श्या, चारऐवजी सहा, हात मात्र तेराच. तीन-तीन मेंढ्या झाल्या तर सात हातवाला जिंकतो. जुन्या नियमाला कुठे धक्काच लागत नाही.

पाचवा आणि सहावा रंग शोधायला फार लांब जावं लागलं नाही. माझं आजोळ कणकवलीचं, आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार मी लहानपणापासून बघत आलोय. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही कला मरता मरता वाचवली. दशावतारी गंजिफाची १२० गोल पानं, दहा रंग, प्रत्येकात बारा. त्यातली चक्र आणि शंख ही दोन चिन्हं घेतली. म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, चक्र, शंख आणि दोन जोकर. एकूण ८० पानं.

आता यात गेमर लोकांचं काय? प्रत्येक पानावर फाशांचे आकडे आहेत, फासा टाकायच्या ऐवजी पान ओढायचं. ८० हा आकडा वीस पैलूंच्या फाशाला अगदी जुळतो : एक ते वीस, प्रत्येक आकडा चार पानांवर. जोकर वगळले की राहतात ७८, त्यात साध्या फाशाचा प्रत्येक आकडा १३ वेळा. प्रत्येक रंगात एक ते सहा दोनदा येतात, तेराव्या पानावर एक आकडा जास्तीचा, आणि सहा रंगांत हे सहा जास्तीचे आकडे वेगवेगळे. ही मांडणी जमली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. गाडीत, गच्चीवर, रेल्वेच्या बर्थवर फासे न नेता खेळता येतं, आणि हा भाग आठ महिन्यांत एकदाही फसला नाही. फक्त एक लक्षात ठेवा. ओढलेलं पान परत मिसळेपर्यंत तो आकडा गड्डीतून कमी झालेला असतो. दोन फाशांवर सारखा आकडा पडण्याची शक्यता १६.७ टक्के, आमच्या गड्डीतून दोन पानं ओढली तर १५.६ टक्के. खेळताना हा फरक जाणवत नाही. गड्डी तळाला गेली की मात्र पानं मोजणाऱ्याला फायदा मिळतो. म्हणून आम्ही निम्मी गड्डी संपली की पिसतो.

चित्रांवर आम्ही पाच महिने घालवले. राजाची पगडी, राणीची नथ, गुलामाच्या हातातली मशाल. ती सुंदर झाली आहेत, मला आजही आवडतात. पण हातात तेरा पानांचा पंखा धरला की प्रत्येक पानाची डावी कड तेवढी दिसते. चित्र कुणालाच दिसत नाही, दिसतो तो कोपरा. आणि कोपऱ्याला आम्ही जेमतेम दोन दिवस दिले होते.

मराठी अक्षरं घालायची हे पक्कं होतं. पहिलीच अडचण अशी की राजा आणि राणी, दोन्ही ‘रा’. शेवटी राजाला ‘रा’, राणीला ‘णी’, गुलामाला ‘गु’, एक्क्याला ‘ए’ असं ठरलं. ‘णी’ पहिल्या दिवशी सगळ्यांना विचित्र वाटली, तिसऱ्या डावापासून कुणी विचारलं नाही. देवनागरी आकडे मोठे असले की काहीच प्रश्न नाही. पण पानाच्या मधल्या छोट्या वर्तुळातले फाशाचे आकडे? ११ आणि १९ रात्री चुकतात. कथाखेळात राक्षसावर वार बसला की हुकला हे त्या आकड्यावर ठरतं, त्यामुळे ही किरकोळ गोष्ट नाही. वर्तुळ मोठं हवं होतं, आणि ९ची गाठ ठळक.

दुसरी चूक शाईची. चक्र हिरवं ठेवलं, ते छान उठून दिसतं. शंख गडद निळा ठेवला. दुपारी उजेडात काही अडचण नाही. कणकवलीला मामीकडे पिवळ्या बल्बखाली बसलो तेव्हा निळा आणि काळा एकच झाले. वर शंखाचं टोक आणि इस्पिकचं टोक लहान आकारात सारखंच दिसतं. मामी दर दोन हातांनी पान डोळ्यांजवळ नेऊन विचारायची, “ह्यो शंख काय इस्पिक रे?” मामी चाळीस वर्षं पत्ते खेळतेय. तिला थांबून विचारावं लागतं, तर चूक कोपऱ्याचीच.

कागदाबद्दल मात्र मी समाधानी आहे, आणि कुणी असा कॅट करणार असेल तर इथे पैसे वाचवू नका. पहिला नमुना आम्ही व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याकडून ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डवर मॅट लॅमिनेशन करून घेतला होता. दिसायला देखणा, पण पिसताना पानं एकमेकांना चिकटायची, आणि तिसऱ्या रविवारी कोपऱ्यांवरचं लॅमिनेशन सुटू लागलं. खऱ्या पत्त्यांचा कागद वेगळाच असतो. दोन थरांच्या मध्ये काळा गोंद असतो, त्यामुळे दिव्यासमोर धरलं तरी पलीकडचं दिसत नाही. वरून वॉर्निश, आणि पृष्ठभागावर बारीक खळगे. त्या खळग्यांत हवा राहते म्हणून पान पानावरून सरकतं. आठ महिने, जवळजवळ दर रविवार, आणि पानं अजून सरकतात. कडा थोड्या मळल्यात, एवढंच. जुलैमध्ये दमट हवेने सगळी गड्डी कमानीसारखी वाकली होती. दोन दिवस शब्दकोशाखाली ठेवली, सरळ झाली.

आकार आम्ही ब्रिजचा घेतला, ५७ बाय ८९ मिलिमीटर. पोकरच्या ६३ मिलिमीटर रुंद पानापेक्षा अरुंद, तेरा पानं एका हातात मावतात. हा निर्णय योग्य होता. पण ८० पानांची गड्डी साधारण २४ मिलिमीटर जाड होते, आणि लहान हातांना ती एका दमात पिसता येत नाही. दोन भाग करून पिसायची, मग एकत्र करून पुन्हा. पुठ्ठ्याची डबी चौथ्या महिन्यात फाटली. आता कॅट स्टीलच्या डब्यात राहतो.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते पाठीचं प्रकरण. आमच्या छपाईवाल्याच्या एका शीटवर ५४ पानं बसत. ५२ नेहमीची आणि दोन जोकर, झाले बरोबर ५४. उरलेली २६, म्हणजे सगळं चक्र आणि सगळा शंख, दुसऱ्या शीटवर. हिशेब इतका सुबक बसला की आम्ही खूश होतो. दोन्ही शीट वेगवेगळ्या दिवशी छापली गेली आणि दुसरीवर पाठीचा तांबडा किंचित फिका आला. एकेकटं पान बघितलं तर कळत नाही. फेब्रुवारीत बंद हुकूम खेळताना एकाने हुकमाचं पान पालथं ठेवलं, ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर होती, आणि शेजारचा म्हणाला, “हुकूम चक्र नाहीतर शंख आहे.” बरोबर होतं. त्यानंतर सगळ्यांच्याच हातातली फिकी पानं दिसायला लागली आणि तो डाव आम्ही मोडला.

छपाईवाल्याने तेवढा फरक चालतो असं सांगितलं. वहीच्या मुखपृष्ठाला चालत असेल, पत्त्यांना चालत नाही. पण आमचाही दोष आहे. सहाही रंग दोन्ही शीटवर विखरून लावले असते, तर फिक्या पाठीवरून निदान रंग तरी कळला नसता. दोन्ही शीट एकाच दिवशी, एकाच शाईवर काढायच्या हे लेखी घ्यायला हवं होतं. आता वाटतं, आमची नाजूक वेलबुट्टी निदान इतकी भरीव तांबडी नको होती. भरीव शाईत छटेचा फरक लगेच दिसतो.

एवढं असूनही हा कॅट घरात वापरला जातोय. चक्र आणि शंख बाजूला काढले की नेहमीचा ५२चा कॅट उरतो आणि त्याच्या पाठी एकसारख्या आहेत. बदाम सात, पाच-तीन-दोन, झब्बू, सगळं त्यावर चालतं. बदाम सात सहा रंगांनी खेळून बघा. सहा सत्त्या लागल्या की सतरंजी भरून जाते आणि पान अडवून धरणाऱ्याची खरी परीक्षा होते. या गणपतीत जागरणाला दोन तरुण, दोन मावश्या, मामी आणि मी असे सहा जण बसलो, फिक्या पाठींकडे बघायचं नाही असं ठरवून. पहाटे साडेतीनला मामीच्या बाजूने सहाही मेंढ्या घेऊन कोट केला. शेवटची मेंढी शंखाची होती.

आम्ही ५०० कॅट छापले, त्यातले बरेच घरी आहेत, आणि पाठीचा दोष सांगितल्याशिवाय मी ते कुणाला देत नाही. दुसऱ्या छपाईची फाइल तयार होतेय. त्यात शंख पोकळ रेषेचा आणि नारिंगी आहे, कोपऱ्यातलं चिन्ह दीडपट मोठं आहे, रंग दोन्ही शीटवर मिसळलेले आहेत. कोपऱ्यांचा छापील नमुना गेल्या आठवड्यात कणकवलीला पाठवला. मामीने तो पिवळ्या बल्बखाली बघून कळवायचं आहे.