कोरडा ओढा: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणातला 'ड्राय क्रीक', म्हणजे पावसाचं पाणी वाहून न्यायला दगड मांडून केलेला कोरडा ओढा, बघून आम्ही दोघंही खूश झालो होतो. गोल गुळगुळीत दगड, कडेला गवताचे झुबके. पहिल्याच मोठ्या पावसात कळलं की पाणी ओढ्यातून वाहतच नाही. ते ओढ्याला वळसा घालून घराकडे येतं आणि घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे जमीन आणि घराच्या तळामधल्या बुटक्या पोकळीत, शिरतं. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात डरमला राहतो. इथली माती लाल, चिकण. बुटाला किलोभर चिकटेल, पण पाणी पिणार नाही.

कंत्राटदाराने सहा हजार डॉलर सांगितले, तेव्हा २०२५ च्या मार्चमध्ये मीच फावडं घेतलं. त्याआधी ८११ ला, म्हणजे खणण्याआधी कळवायच्या इथल्या नंबरला, फोन केला. हे फुकट असतं आणि टाळू नका. त्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या लाइनींवर रंग मारून जातात: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, निळा पाण्याचा, नारिंगी इंटरनेट-फोनचा. आमच्याकडे नारिंगी रेघ नेमकी ओढ्याला आडवी निघाली. तेवढा भाग हाताने खणला.

दगड उपसले तेव्हा खरा प्रकार दिसला. फटींमध्ये इतका गाळ बसला होता की ओढ्याचा तळ आजूबाजूच्या हिरवळीपेक्षा उंच झाला होता. खाली आधीच्या मालकाने काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यावर कुजका चिखल. आणि मधल्या दहाएक फुटांत उतार चक्क उलटा, घराकडे!

तेव्हा बाबा चिपळूणहून आलेले होते. मी उतार मोजायला लेझर लेव्हल मागवायच्या विचारात होतो. ते म्हणाले, "पारदर्शक नळी आण, पाणी भर, गवंडी करतात तसं." वीस फुटांचे तुकडे करत आम्ही नळीनेच लेव्हल काढली. ४५ फुटांत ११ इंच उतार मिळाला, म्हणजे साधारण दोन टक्के. दगड धुवायला बाबांनी कुणालाच हात लावू दिला नाही. ढकलगाडीत पाइप सोडून चार दिवस तेच करत होते.

खणताना आकार बशीसारखा ठेवला, मध्ये फूटभर खोल. प्लॅस्टिकच्या जागी नमद्यासारखं दिसणारं, न विणलेलं जिओटेक्सटाइल कापड टाकलं. त्यातून पाणी खाली झिरपतं आणि माती वर येत नाही. जुने दगड परत वापरले, दोन टन नवे आणले. एकूण खर्च सुमारे ७०० डॉलर आणि माझी कंबर.

छपराचं पाणी किती असतं याचा मला अंदाजच नव्हता. १,००० चौरस फूट छपरावर १ इंच पाऊस पडला की २,३०० लिटरहून जास्त पाणी खाली येतं. पन्हळीचा पाइप जिथे ओढ्यात पडतो तिथे म्हणून पाटासारखे चपटे मोठे दगड बसवले आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला सर्वांत जड धोंडे. शेवट शेजाऱ्याच्या कुंपणाआधी एका उथळ खळग्यात केला, त्यात पाणथळ जागी येणारी स्थानिक झाडं लावली. पाणी शेजारच्या अंगणात सोडून दिलं असतं तर काम निम्म्यावर आलं असतं, पण इथे अशा गोष्टी कोर्टात जातात.

६ जुलैला शांताल वादळ विरत विरत आमच्यावरून गेलं. इथल्या एनो नदीची पातळी १९९६ च्या फ्रान वादळापेक्षाही वर गेली. रात्री टॉर्च घेऊन बाहेर गेलो तर ओढा काठोकाठ, आवाज करत वाहत होता. क्रॉल स्पेस कोरडी! नुकसान एवढंच की शोभेसाठी पेरलेली बारीक खडी सगळी वाहून खळग्यात जमा झाली. मुठीपेक्षा मोठे दगड जागचे हलले नाहीत. खडी पुन्हा टाकलेली नाही, टाकणारही नाही.

आता तक्रारी. 'एकदा केलं की बघायला नको' असं जे सांगतात, त्यांच्याकडे ओकची झाडं नसावीत. नोव्हेंबरात दर रविवारी पानं आणि स्वीटगमच्या झाडाची काटेरी बोंडं काढावी लागतात. नाही काढली तर दोन वर्षांत पुन्हा तोच गाळ. कापड असूनही दगडांवर उडून बसलेल्या मातीत तण उगवतं. ऑगस्टमध्ये एका धोंड्याखाली कॉपरहेड साप दिसला, तपकिरी अंगावर डमरूच्या आकाराचे पट्टे. विषारी आहे. तेव्हापासून दगडात नुसता हात घालत नाही, आधी काठीने हलवतो.

एक जागा अजून खटकते. तिसऱ्या वळणावर पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही तळहाताएवढं डबकं राहतं. बहुतेक कापडाला घडी पडली आहे. बाबा फोनवर दर वेळी विचारतात, "ते डबकं गेलं का रे?" मार्चमध्ये ते परत येणार आहेत, तोवर तिथले दगड उचलत नाही.