घरच्या ब्रँडी सावरला मॅन्शन हाऊस पुरते का? पुरते, आणि छान पुरते

आधी निकाल सांगते, बाकीचं मग. साध्या मॅन्शन हाऊस ब्रँडीची ब्रँडी सावर, म्हणजे ब्रँडी, लिंबू आणि साखर शेक करून केलेलं कॉकटेल, घरी एकदम मस्त होते, महागड्या कोन्याकची, म्हणजे फ्रान्सच्या द्राक्षाच्या ब्रँडीची, काही गरज नाही, फक्त लिंबू ताजं हवं, बर्फ भरपूर हवा आणि शेक करताना हात आखडता घ्यायचा नाही.

हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे ब्रँडी म्हटलं की लोकांना थेट खोकला आठवतो. ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाइन शॉपमध्ये ब्रँडी मागितली तर काउंटरवरच्या दादांनी लगेच विचारलं, "ताई, घरात लहान मूल आजारी आहे का? मग क्वार्टर पुरेल." मी म्हटलं, नाही हो, फुल द्या, पाहुणे येणारेत. तर ते दोन मिनिटं बघतच राहिले आणि मग खालच्या फळीवर मागे ढकललेली बाटली पुसून काढून दिली. वरच्या सगळ्या फळ्या व्हिस्कीच्या. (लहान मुलांना सर्दीत चमचाभर ब्रँडी पाजणं किंवा छातीला चोळणं हे खरंच बंद करा हो, त्यानं सर्दी जात नाही आणि बाळाला अपायच होतो.)

आता बाटलीबद्दल. मॅन्शन हाऊस ही टिळकनगर इंडस्ट्रीजची, म्हणजे आपल्याच श्रीरामपूरकडची कंपनी, १९३३ मध्ये साखर कारखाना म्हणून सुरू झालेली. गंमत म्हणजे ती सगळ्यात जास्त खपते दक्षिणेत, तिकडे ब्रँडी पिणारे लोक भरपूर, आणि जिथे ती कंपनी उभी राहिली त्या महाराष्ट्रात आपण तिला औषधाच्या कपाटात ठेवतो. अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या व्हिस्की-रमइतकंच, त्यामुळे "ब्रँडी म्हणजे हलकी" हा समज डोक्यातून काढून टाका. आपल्याकडच्या बहुतेक ब्रँडीत उसाच्या मळीपासून काढलेलं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळजवळ बिनचवीचं अल्कोहोल, असतं आणि त्यात द्राक्षाचं स्पिरिट मिसळतात, तर फ्रान्सच्या कोन्याकमध्ये सगळं द्राक्षाचंच, तांब्याच्या भांड्यात दोनदा डिस्टिल केलेलं आणि कमीत कमी दोन वर्षं ओकच्या पिंपात ठेवलेलं. फरक आहेच, नाही म्हणत नाही. पण तो फरक काही न मिसळता नुसती पिताना कळतो, लिंबू आणि साखर पडल्यावर त्यातला बराचसा झाकला जातो. २०२५ च्या जूनमध्ये राज्यानं दारूवरचा एक्साइज कर वाढवल्यापासून ब्रँडी-व्हिस्की सगळंच महाग झालंय, तरी कोन्याकच्या एका बाटलीच्या पैशात ही बाटली कितीतरी वेळा येते.

चव मला अशी लागली: थोडी गोडसर, मनुका आणि जळक्या साखरेकडे झुकणारी. म्हणूनच ती सावरला चालते, लिंबाला टेकायला काहीतरी गोलसर हवंच असतं. मात्र रेसिपीत लिहिलेली साखर जशीच्या तशी घातलीत तर सरबत होईल, तेव्हा साखर कमी करा.

माझं प्रमाण असं बसलंय. ब्रँडी ६० मिली, म्हणजे एक लार्ज, लिंबाचा रस २० ते २५ मिली, साखरेचा पाक १५ मिली आणि एका अंड्याचा पांढरा भाग. पाक म्हणजे गुलाबजामचा तारेचा नाही हं, १०० ग्रॅम साखर १०० मिली गरम पाण्यात विरघळवायची, गार करायची, बाटलीत भरून फ्रिजमध्ये, दोन आठवडे आरामात टिकतो. आणि पेग मेजर वापरा, अंदाजपंचे ओतू नका, कारण आंबट-गोडाचा तोल पाच मिलीनं सुद्धा हलतो.

लिंबावर जरा जास्त बोलणार आहे कारण खरा खेळ तिथेच आहे. परदेशी रेसिपीतलं लेमन म्हणजे मोठं, पिवळं, जाड सालीचं. आपलं कागदी लिंबू त्याच्यापेक्षा लहान आणि जास्त झणझणीत, म्हणून तिकडे ३० मिली लिहिलं असेल तर आपण २० पासून सुरुवात करायची आणि चाखून वाढवायचं. जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये सकाळी जाल तर पातळ सालीची, हातात घेतल्यावर जड लागणारी लिंबं निवडून घेता येतात, तीच घ्या, टणक हिरवी गोळी घेऊ नका, त्यातून रसच निघत नाही. चांगल्या लिंबातून दहा-पंधरा मिली रस येतो, म्हणजे एका ग्लासाला दोन धरा. कापण्याआधी ओट्यावर तळहातानं दाबून फिरवायचं आणि पिळताना बी चिरडू द्यायची नाही, नाहीतर कडवटपणा येतो आणि मग कितीही पाक घाला तो जात नाही. रस त्याच दिवशीचा. आदल्या रात्री काढून ठेवलेला रस वरणावर चालेल, इथे नाही.

बाटलीबंद "सावर मिक्स" मिळतं ना ऑनलाइन, ते मी आणून बघितलं, कंपनीचं नाव घेत नाही. लिंबाचा वासच नाही, नुसतं सायट्रिक अ‍ॅसिड आणि साखर, जिभेवर मागे एक चिकट चव राहते. दोन रुपयाचं असो की दहाचं, लिंबूच घ्या.

शेकर. ऑनलाइन बार सेटमध्ये तीन भागांचा जो येतो, वर जाळी आणि टोपण असलेला, तो दिसायला छान पण गार झाला की आतली हवा आकसते, पत्रा आकसतो आणि टोपण असं घट्ट बसतं की निघता निघत नाही. आमचा तर जोडातून गळतही होता. त्यापेक्षा दोन स्टीलच्या ग्लासांचा बॉस्टन शेकर घ्या, एकात एक तिरका बसवायचा, शेक झाला की जोडावर तळहाताची एक थाप, सुटतो. तोही घ्यायचा नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते, मी खूप दिवस तीच वापरत होते, बर्फानं काच तडकू नये म्हणून बरणी जाड असू दे.

शेक दोनदा करायचा. पहिल्यांदा बर्फ न घालता, सगळं एकत्र, पंधरा-वीस सेकंद, याने अंड्याचा फेस चढतो. आत दाब तयार होतो तेव्हा झाकण हातानं दाबून धरा, नाहीतर ओट्यावर, भिंतीवर, मिक्सरवर, सगळीकडे. मग बर्फ घालून परत पंधरा सेकंद जोरात, शेकर बाहेरून पांढरा होऊन हाताला चटका बसेल इतका गार व्हायला हवा. ठाण्याच्या मे महिन्यात ट्रेमधला बर्फ बाहेर काढल्या काढल्या पाझरायला लागतो आणि ओला बर्फ ड्रिंक पाणचट करतो, तेव्हा बर्फ अगदी शेवटच्या क्षणी काढा आणि कंजूसपणा न करता शेकर निम्म्याच्या वर भरा, जास्त बर्फ असला की तो कमी वितळतो. गाळायला आपली चहाची गाळणी उत्तम, बर्फाचे कण वर राहतात आणि खाली फेस मलईसारखा उतरतो.

अंडं कच्चंच असतं हे लक्षात असू दे. लिंबू आणि दारूनं जंतू मरतात वगैरे लोक सांगतात, पाच मिनिटांत तसं काही होत नाही, म्हणून अंडं ताजं, फ्रिजमधलं, आणि आजारी किंवा वयस्कर माणसांना बिनअंड्याचंच द्या. आमच्याकडे नणंद अंडं खात नाही, तिच्यासाठी काबुली चणे उकडलेलं पाणी वापरते, ३० मिली, मीठ-सोडा न घालता उकडलेलं आणि जरा आटवून घट्ट केलेलं. फेस इतका छान येतो की तिच्या ग्लासात अंडं नाहीये हे सांगावं लागतं. छोल्यांचा वास येईल अशी भीती होती, ब्रँडी आणि लिंबापुढे तो टिकत नाही.

फेसावर अँगोस्टुरा बिटर्सचे, म्हणजे कडवट मसालेदार अर्काचे, तीन-चार थेंब टाकायची पद्धत आहे. मूळची व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावची, १८२४ मध्ये एका जर्मन डॉक्टरनं केलेली, आता त्रिनिदादमध्ये बनते. छोटी बाटली आपल्याकडे महाग पडते पण थेंबाथेंबानं वापरायची म्हणून वर्षानुवर्षं पुरते. नसेल तर फेसावर जायफळ किसा, थोडंसंच, श्रीखंडात घालतो त्याच्या निम्मं. मला तर बिटर्सपेक्षा जायफळच आवडतं, ब्रँडीचा मनुकेरी वास त्यानं वर येतो.

उकाड्यात मात्र फेसवाली नको वाटते, तेव्हा सायप्रसची ब्रँडी सावर करा. तिथे हे जवळपास राष्ट्रीय ड्रिंक आहे, अंडं नाही, उंच ग्लास, लेमन स्क्वॉश, बिटर्स, भरपूर बर्फ आणि वरून सोडा. १९३० च्या दशकात प्लात्रेस नावाच्या डोंगरी गावातल्या हॉटेलात इजिप्तच्या फारूक राजासाठी ती बनली असं सांगतात, बघणाऱ्याला आइस्ड टी वाटावा म्हणून. तिकडची ब्रँडी ३२ टक्क्यांच्या आसपास असते, आपली ४२.८, त्यामुळे ६० च्या जागी ४५ मिलीच घाला, हिशोब बरोबर जुळतो. स्क्वॉशऐवजी ताजा रस आणि पाक घातला तरी चालतं, मी तसंच करते. सोडा असल्यामुळे ती सरबतासारखी भराभर उतरते, तर पाहुण्यांना गाडी चालवायची असेल तर आधीच विचारून घ्या.

चार-सहा जण असतील तर ब्रँडी, रस, पाक आणि बिटर्स जगमध्ये मिसळून तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवते. बर्फ आणि सोडा तेवढा ज्याच्या त्याच्या ग्लासात.